सात तारा, मेणाची तबकडी आणि हुबळीची गाडी

बंगळूरच्या चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलचं मैदान आहे. चैत्र लागला की तिथे मोठा मांडव पडतो आणि रामनवमीच्या निमित्ताने महिनाभर रोज संध्याकाळी गाणं चालतं. श्री रामसेवा मंडळीचा हा उत्सव १९३९ साली सुरू झाला. सुरू करणारे एस. व्ही. नारायणस्वामी राव तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे त्यांनी तो आयुष्यभर सांभाळला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी इथे गायल्या, भीमसेन जोशी इथे गायले. आपल्याकडे रामनवमीला सुंठवडा वाटतात, तसं या भागात गूळ, सुंठ आणि वेलदोड्याचं पानक देतात, सोबत भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी. बाजूला कृष्णराजेंद्र मार्केटची गर्दी आणि बसगाड्यांचे भोंगे असतात. त्यावर मात करून आतला कल्याणी किंवा तोडी कानापर्यंत पोचतो, कारण ध्वनिक्षेपक आहे.

तो नव्हता तेव्हा काय करत असतील? गायक-वादकांच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी आपण नवलाने एकमेकांना सांगतो, त्यातल्या पुष्कळशा असल्याच साध्या प्रश्नातून निघालेल्या आहेत. अमक्याने वाद्याला जास्तीच्या तारा लावल्या, अमकी बाई गाणं संपलं की स्वतःचं नाव ओरडून सांगायची, हे ऐकलं की आपण म्हणतो, कलावंतच ते, लहरी असायचेच. मला ते पटत नाही. जरा खोलात गेलं की त्यामागे बहुधा एखादं रोकडं कारण सापडतं: आवाज मागच्या रांगेपर्यंत न पोचणं, मेणाचा ठसा जर्मनीला पाठवावा लागणं, रेल्वेचं वेळापत्रक, नाहीतर राज्याची सीमा. चामराजपेटच्या आसपास आणि बंगळूर-म्हैसूरच्या परिसरात अशी कारणं पावलोपावली भेटतात. आणि गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच वाटा मराठी मुलखाकडे वळतात.

व्हायोलिनपासून सुरुवात करू. म्हैसूरचे टी. चौडय्या, जन्म १८९५ चा, बिडारम कृष्णप्पांचे शिष्य. कर्नाटक संगीतात व्हायोलिन गायकाच्या साथीला असतं. गायकाने ओळ टाकली की ती तशीच उचलायची, तो थांबला की पोकळी भरायची. पण शेकडो श्रोत्यांच्या मांडवात, ध्वनिक्षेपकाशिवाय, चार तारांच्या व्हायोलिनचा आवाज दहाव्या रांगेच्या पुढे जाईना. चौडय्यांनी १९२७ च्या सुमारास चार तारांच्या जोडीला आणखी तीन घातल्या. सात तारांचं हे व्हायोलिन वाजवताना गज एकाच वेळी दोन तारांवरून फिरतो आणि बोटही दोन्ही तारा एकदम दाबतं. जोडीतल्या तारा केसभर जरी बेसूर झाल्या तरी सगळं बिघडतं. म्हणजे मोठा आवाज मिळवण्यासाठी या माणसाने सूर सांभाळण्याचं काम जवळपास दुप्पट करून घेतलं आणि ते निभावलंही. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात त्यांच्या नावाने १९८० मध्ये सभागृह उभं राहिलं, त्या इमारतीचा आकारच व्हायोलिनचा आहे. पर्यटक तिथे छायाचित्र काढून घेतात. पण त्या इमारतीची खरी हकिगत मागच्या रांगेत बसलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या श्रोत्याची आहे. ध्वनिक्षेपक सगळीकडे आले आणि सात तारांची गरज उरली नाही. आज कर्नाटक संगीतातले बहुतेक सगळे वादक चारच तारा वाजवतात.

आता तबकडी. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं. गायिका गौहर जान तेव्हा त्याच्या कर्ण्यासमोर उभी राहिली. गाणं संपताच ती इंग्रजीत मोठ्याने म्हणे, ‘माय नेम इज गौहर जान.’ पुढची अनेक वर्षं हे वाक्य तिच्या तबकड्यांवर ऐकू येतं आणि पुष्कळांना ते तिच्या तोऱ्याचं लक्षण वाटतं. कारण अगदी साधं होतं. मेणाच्या ठशावर गाणं कोरलं जाई, तो ठसा जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तबकड्या तिथे छापल्या जात. तिथल्या कामगाराला हिंदुस्तानी कळत नव्हतं, गाणाराही ओळखीचा नव्हता. तबकडीवर चिकटवायच्या कागदावर कोणाचं नाव घालायचं हे त्याला कळावं म्हणून गाणाऱ्याने स्वतःच नाव सांगायचं, अशी ही व्यवस्था होती.

दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावे. रात्रभर एक राग मांडणाऱ्या कलावंताला तीन मिनिटांत विलंबित, द्रुत, ताना सगळं आटपायचं होतं. ज्यांना ते जमलं त्यांची नावं घराघरांत गेली. ज्यांना ते हलकं वाटलं त्यांच्याविषयी आपल्याकडे फक्त आठवणी उरल्या. त्या काळातल्या ख्यातीत त्या तीन मिनिटांचा हिस्सा मोठा आहे, हे जुन्या गायकांची तुलना करताना आपण सहसा लक्षात घेत नाही.

या गौहर जानचा शेवट म्हैसूरला झाला. कलकत्त्यात वैभव भोगलेली ही बाई उतारवयात अडचणीत आली, आणि म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी ऑगस्ट १९२८ मध्ये तिला दरबारी गायिका म्हणून आश्रय दिला. १७ जानेवारी १९३० रोजी ती म्हैसूरलाच वारली. कर्नाटक संगीताचं माहेर असलेल्या दरबाराने एका हिंदुस्तानी गायिकेला शेवटचं घर दिलं, याचं आपल्याला नवल वाटतं. पण म्हैसूरच्या दसऱ्याला उत्तरेकडचे गवई बोलावण्याचा प्रघात तिथे रुळलेलाच होता. आणि या दसऱ्यामुळेच आपल्या संगीतातलं एक घराणं नव्या भूमीत रुजलं.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहत आणि म्हैसूरच्या दरबारात गायला जात. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, बंगळूर अशी सदर्न मराठा रेल्वेची वाट होती. जाता-येता खाँसाहेब धारवाड-हुबळीकडे उतरत, मुक्काम करत, शिकवत. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांच्याकडे शिकले. सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल शिकले. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचं घराणं हुबळीच्या परिसरात कसं आलं, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी या रेल्वेच्या थांब्यांत आहे. गंगूबाईंनी तर शिकण्यासाठी हीच रेल्वे धरली. त्या हुबळीहून रोज कुंदगोळला गाडीने जात आणि रात्रीच्या गाडीने परतत. तेव्हा पोरगेले असलेले भीमसेन त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला येत. पुढे साऱ्या देशाने ज्यांना डोक्यावर घेतलं ते दोन आवाज, कुंदगोळच्या अंधाऱ्या रस्त्याने गाडी चुकू नये म्हणून झपाझप चाललेले, हे चित्र मला कुठल्याही पुरस्कार सोहळ्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गंगूबाईंच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीने गात. मुलगी हिंदुस्तानी शिकू लागली तेव्हा दोन पद्धतींची सरमिसळ होऊन तिचा गळा बिघडू नये, म्हणून त्यांनी आपलं गाणं सोडलं. त्याच गंगूबाईंनी सुरुवातीच्या काळात जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतांच्या तबकड्या काढल्या होत्या, हे आजच्या किती रसिकांना माहीत आहे? पुढे त्यांनी सुगम गाणं बाजूला ठेवलं आणि फक्त ख्याल गायला. आणि भीमसेन? खाँसाहेबांची तबकडी गदगच्या एका दुकानात ऐकली आणि असंच गायचं ठरवलं, असं ते स्वतः सांगत. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडलं. खाँसाहेबांचं गाणं त्यांच्यापर्यंत आधी दुकानातून पोचलं, कुंदगोळची तालीम नंतर मिळाली.

खाँसाहेबांनी म्हैसूरच्या वाऱ्यांमधून दक्षिणेचं बरंच काही घेतलं. त्यांचा सरगम वेगळा वाटतो त्याचं कारण हेच. त्यागराजांची खरहरप्रियातली ‘राम नी समानमेवरु’ ही कृती त्यांनी तबकडीवर गायली आहे. किराणा घराण्याचा उस्ताद, तेलुगू कृती, विषय राम. रेल्वेनेच त्यांचा शेवटही पाहिला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडेचेरीला जाताना त्यांना बरं वाटेना, म्हणून ते सिंगपेरुमाल कोविल या लहान स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. अखेरच्या क्षणी त्यांनी तंबोरा लावून घेतला होता, असं सांगतात. देह मिरजेला आणला गेला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गाणं होतं.

कन्नड मातृभाषा असलेली इतकी माणसं हिंदुस्तानी का गातात, हा प्रश्न बंगळूरच्या श्रोत्यांनाही पडतो. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. बंगळूर आणि चामराजपेट म्हैसूर संस्थानात. कुंदगोळ तर जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं. मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम धारवाड-हुबळीत पडत आणि मिरजेचे बुवा तिथे शिष्य शोधत. मल्लिकार्जुन मन्सूरांचे हिंदुस्तानीतले पहिले गुरू नीलकंठबुवा मिरजेचेच. भाषा एक, पण इनाम, नोकऱ्या आणि नाटकाच्या खेपा मुंबईकडून येणाऱ्या; त्यामुळे गाणंही तिकडूनच आलं. म्हैसूर संस्थानात कारभार वेगळा आणि आश्रय वेगळा, तिथे कर्नाटक संगीत टिकलं. राजकीय नकाशावरची रेष गळ्यातून किती स्वच्छ उमटते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. योगायोग असा की या दोन्ही भागांना एकत्र आणण्याची मोहीम चालवणारे आलूर वेंकटराव टिळकांच्या प्रभावातले होते आणि त्यांनीच ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये आणलं. चामराजपेटच्या मुख्य रस्त्याला आता त्यांचं नाव आहे.

मिरजेवरून आठवलं. मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा, तंजावरचा फणसाच्या लाकडाचा. भोपळा आडमापी वाढतो, त्यामुळे प्रत्येक मिरजी तंबोरा निराळा. कारागीर भोपळ्याला काय मानवेल ते बघत काम करतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिरा का होईना, योग्य झालं. पण आज शाळकरी मुलगी रियाजाला बसते तेव्हा तिच्या शेजारी बहुधा एक छोटी पेटी असते. ही इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी १९७९ मध्ये बंगळूरातच तयार झाली, जी. राज नारायण या बासरीवादक अभियंत्याने ती बनवली. तंबोरा जुळवायला बराच वेळ जातो, प्रवासात तो फुटतो, सोबत कोणी धरायला लागतं. ही पेटी पिशवीत मावते. रियाजासाठी तिचे उपकार मोठे आहेत. मैफलीत मात्र मला मिरजेच्या भोपळ्याची जवारीच हवी. सुताचा धागा तारेखाली सरकवून तो गुंजारव उभा राहताना पाहिला की गाण्याची तयारी कशाला म्हणतात ते कळतं.

आता या सगळ्यामागच्या सर्वांत जुन्या वाटेकडे येतो. चामराजपेट १८९२ मध्ये वसली, बंगळूरच्या जुन्या किल्ल्याला लागून. हा किल्ला १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने घेतला आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे त्यांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजी, इथून तंजावरला गेले आणि त्यांनी तिथे राज्य स्थापलं. शिवाजीमहाराजांनी भावाशी तह करताना बंगळूरचा मुलूख एकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. लांबच्या तंजावरहून बंगळूर सांभाळणं अवघड, म्हणून एकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकायचं ठरवलं. सौदा पुरा होण्याआधी १६८७ च्या जुलैत मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतलं आणि नंतर तेवढ्याच रकमेला म्हैसूरकरांना दिलं. मराठ्यांचं बंगळूर गेलं. तंजावर मात्र १८५५ पर्यंत राहिलं आणि त्या पावणेदोनशे वर्षांत दक्षिणेच्या संगीताची आजची घडण झाली.

त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघंही मराठ्यांच्या तंजावर राज्यात तिरुवारूरला जन्मले. तुळजाराजाने ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसरे सरफोजी यांच्या दरबारात तंजावरचे चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु, यांनी आज आपण पाहतो त्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा तो क्रम पुण्या-मुंबईत हजारो मुली शिकतात. तो एका मराठी राजाच्या आश्रयाने बसला, हे त्यांना क्वचितच सांगितलं जातं. चौघांतला धाकटा वडिवेलु व्हायोलिन उत्तम वाजवी. १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिलं. परदेशी वाद्य दक्षिणेच्या मैफलीत इतकं मुरलं त्यात बाळुस्वामी दीक्षितरांबरोबर या तंजावरच्या पोराचाही वाटा आहे. चौडय्यांच्या सात तारांचा आजा तिथे सापडतो.

आणखी एक गोष्ट अशीच. तंजावरच्या प्रतापसिंहाच्या दरबारातली गणिका मुद्दुपळनी हिने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू शृंगारकाव्य लिहिलं. दीडशे वर्षांनंतर, १९१० मध्ये, बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने ते पूर्ण स्वरूपात छापून आणलं. सरकारने त्यावर बंदी घातली, ती बऱ्याच वर्षांनी उठली. हीच नागरत्नम्मा पुढे त्यागराजांच्या तिरुवैयारूच्या समाधीवर आपली पुंजी ओतून मंदिर उभारते. बायकांना तिथल्या उत्सवात गायला मज्जाव होता, तेव्हा तिने बायकांचा स्वतंत्र उत्सव भरवला. मराठीत तिच्यावर एक चांगलं चरित्र यायला हवं.

आपल्या कीर्तनाचं तर दक्षिणेत दुसरं घर आहे. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला गेले. त्यांचं मराठी कीर्तन ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडी बसवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं त्या नावांनिशी तमिळ हरिकथेत राहिली. दक्षिणेच्या भजन संप्रदायात अभंग आजही भक्तिभावाने म्हटले जातात. आणि कर्नाटक मैफलीच्या शेवटी, मुख्य राग आटोपल्यावर, लहान रचनांच्या टप्प्यात तुकोबांचा किंवा नामदेवांचा अभंग येतो. अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री यांनी तो टप्पा श्रोत्यांच्या फर्माइशीचा करून टाकला. या गायिकांचं लहानपण मुंबईत गेलं, हे ठाऊक असलं की त्यांचे मराठी उच्चार इतके स्वच्छ कसे, याचा उलगडा होतो. म्हणजे अभंग दक्षिणेच्या मंचावर दोन वाटांनी पोचला: एक तंजावरची जुनी, दुसरी माटुंग्या-चेंबूरच्या दाक्षिणात्य वस्त्यांची. आपल्या अभंगाला हजारभर कन्नड-तमिळ श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात, तेव्हा त्या मांडवात मराठी माणसं थोडी असतात, याची मला खंत वाटते.

सरफोजींनी स्वतः मराठीत नृत्यासाठी रचना केल्या. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांचा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला. त्यांच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य आहे. कुरवंजी म्हणजे गावोगाव हिंडून भविष्य सांगणारी बाई. दक्षिणेच्या या नाट्यप्रकारात ती नायिकेला तिच्या प्रियकराची वार्ता सांगते. सरफोजींच्या नाटकात मात्र ती जगाचा भूगोल सांगते, खंडं आणि देश गाण्यात गुंफून! जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीत वाढलेल्या या राजाला आपल्या प्रजेला जग शिकवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने पाठ्यपुस्तकाऐवजी नाच निवडला.

महाराष्ट्रात भरतनाट्यम शिकवणारे वर्ग आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, अरंगेत्रमचे कार्यक्रम दर महिन्याला होतात, आणि त्यांत तेलुगू, तमिळ, संस्कृत रचना असतात. मराठी रचना जवळपास नसतेच. भाषा आपली, राजा आपला, नृत्याचा क्रम त्याच दरबारातला आणि ग्रंथ छापलेले, उपलब्ध. पुण्या-मुंबई-नागपूरच्या गुरूंनी सरफोजींची एक तरी मराठी रचना बसवावी, आणि रामनवमीच्या दिवसांत बंगळूरला जाणं झालं तर एक संध्याकाळ चामराजपेटेसाठी राखून ठेवावी, एवढी विनंती आहे.